डोळे आखलेली होडी

माझं नाक साच्यातून जरा घाईत काढलेलं आहे, ही गोष्ट मला नोकरीला लागेपर्यंत कुणी सांगितली नव्हती. ज्यांनी सांगितली ते पुढे बरीच वर्षं माझे घरमालक होते.

नोकरी रोह्याला, एका रसायनांच्या कंपनीत. पण रोह्यात मनासारखी खोली मिळेना, आणि पेणहून रोह्याला जाणारी सकाळची गाडी माझ्या शिफ्टला सोयीची होती. पेणला गणपतीच्या एका कारखान्याच्या माडीवर खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून गेलो. खाली ओळीने गणपती मांडलेले, आणि त्यांच्यात पाटावर एक उघडेबंब गृहस्थ बसलेले. मी खोलीचं विचारलं. त्यांनी उत्तर न देता माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाले, "नाक साच्यातनं घाईत काढलंय. ओलं असतानाच. पण चालंल. कपाळ बरं हाय. जेवणाचं काय करता?"

एवढ्यात मी भाडेकरू झालो होतो.

सगळी आळी त्यांना दादा म्हणायची. त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणत असू. वहिनीसुद्धा "दादांना विचारा" असंच म्हणत. पण तो आदर नव्हता, अंगावरची जबाबदारी झटकायची ती पद्धत होती.

दादांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती. एक शाडूची, दुसरी प्लास्टरची. शाडूचा माणूस वाळायला वेळ घेतो, त्याला घाई केली की चिरा पडतात. प्लास्टरचा चटकन धरतो, दिसायला गुळगुळीत, पण उचलून बघितला की वजन नाही. आळीतल्या प्रत्येकाचा प्रकार त्यांनी ठरवून ठेवला होता आणि तो ते ज्याच्या त्याला तोंडावर सांगत. मी शाडूचा होतो, पण "अजून आतनं ओला". वहिनींचा प्रकार मी एकदा विचारला तेव्हा त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि मग म्हणाले, "ती दगडाची. घडवायला कोणाची हिंमत नाय."

पावसाळ्यात त्यांचा जाच असह्य व्हायचा. ओल ही त्यांची सात जन्मांची वैरीण. कारखान्यात मूर्ती वाळवायला शेगड्या पेटलेल्या असायच्या, मोठमोठे दिवे लावलेले असायचे, आणि अशात मी संध्याकाळी रोह्याहून चिंब भिजून आलो की ते दारात आडवे व्हायचे. "थांबा. मंडळींना ओल लागंल." मंडळी म्हणजे गणपती. मग मला शेगडीपुढे उभं करायचं. एका बाजूने वाळलो की "फिरा" म्हणायचं. त्या वर्षांत मी जितका भाजलो गेलो तितका कुठलाही भाडेकरू भाजला गेला नसेल. शिवाय पालथं झोपायला बंदी होती. मूर्ती कधी पालथी ठेवत नाहीत, तेव्हा तिच्या डोक्यावरच्या मजल्यावर माणसाने तरी पालथं का पडावं, असं त्यांचं म्हणणं. मी वर कसा झोपतो हे त्यांना खालून कसं कळायचं हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

अशा माणसाच्या कारखान्यात ऐन आषाढात एक होडी येऊन पडली.

ती आणली हिराने. हिरा धरमतरच्या खाडीकाठच्या गावची. दादांकडे घासकामाला यायची, म्हणजे मूर्तींचे सांधे पॉलिशपेपरने घासून सारखे करायचं काम. तिचा नवरा मिठागरावर कामाला होता. ते मिठागर बंद पडलं तेव्हा दोघांनी मिळून एक जुनी फायबरची छोटी होडी घेतली. दोन पावसाळे ती बरी चालली. मग तिची मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगतात ती, इंजिन सुरू केलं की डुलायला लागली. हिराच्या नवऱ्याने साफ सांगून टाकलं होतं, नारळी पुनवेला होडी पाण्यात गेली तर ठीक, नाहीतर ती भंगारात देऊन पनवेलला बांधकामावर बिगारी करायला जायचं. हिराची सासू थकलेली, मुलगी नुकती चालायला लागलेली. पनवेलला जायचं म्हणजे त्या दोघींना गावात कुणाच्या तरी गळ्यात टाकून जायचं.

"दादा, बगा ना एकदा," हिरा म्हणाली. "तुमचे हाताला गुन हाय. इंजिन लावला का फली अशी हालते जशी म्हातारीची दाढ."

"अगो पण मी गणपतीवाला."

"तुमी तर बोलता का साच्यातनं काढलेलं सगलं तुमाला कलतं."

हे दादांच्या वर्मी लागलं. "आण उद्या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टेंपोतून होडी आली ती पालथी घालून. दादांनी आधी टेंपोवाल्याला झाडलं. मग होडी सुलटी करून कारखान्यात घेतली आणि तिच्याभोवती एक फेरी मारली. तळव्याने बाजू चाचपली, साच्याचे दोन भाग जिथे जुळतात ती रेघ बोटाला लागली, आणि त्यांचा चेहरा उजळला. "पोकळ मूर्ती हाय," त्यांनी जाहीर केलं. "आडवी. बाकी काय फरक नाय."

मूर्तीत कुठे पोकळ राहिलं आहे का, हे ते नखाने टिचकी मारून आवाजावरून ओळखत. होडीलाही त्यांनी तेच केलं. त्यासाठी घरात संपूर्ण शांतता लागली. वहिनींना पाटा वरवंटा थांबवायला लावला. शेजारच्या घरी रेडिओ बंद करायला माणूस पाठवला. मग दादा गुडघ्यांवर बसून होडीभर टिचक्या मारत फिरले. पुढे खणखणीत आवाज यायचा. मागच्या फळीशी आल्यावर आवाज भिजलेल्या पोत्यावर मारल्यासारखा. खडूने त्यांनी तेवढ्याला वेढा घातला आणि आतल्या बाजूने कापलं. फायबरच्या दोन थरांच्या मधे लाकडाची फळी असते, तिच्यामुळे जोर येतो. त्या फळीचं चहात बुडवलेलं बटर झालं होतं. दादांनी चमच्याने काढलं. खरंच चमच्याने. तो चमचा वहिनींच्या आमटीचा होता हे त्यांना संध्याकाळी कळलं.

इथवर सगळं ठीक होतं. पुढे काय करायचं ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून दादांनी मला रोह्याला पिटाळलं. कुंडलिकेचा पूल ओलांडून अष्टमी गावात पत्र्याच्या शेडमध्ये एक कंत्राटदार बसायचा. आमच्या कंपनीच्या टाक्यांना फायबर लावायचं काम तो करी. हा माणूस बोलताना शब्दांची फार काटकसर करायचा. तोंडात तंबाखू, त्यामुळे दर वाक्याआधी बाहेर जाऊन यावं लागे. त्याचं सांगणं थोडक्यात असं: सडकं सगळं काढा, जरासुद्धा ठेवू नका. भोवतालचं हाडासारखं सुकू द्या. नवी फळी मरीन प्लायची घाला, रेझिनमध्ये बसवा, वर काचेच्या धाग्याची मॅट लावा. आणि पाणी शिरलं कुठून ते आधी बघा.

पाणी शिरलं होतं इंजिनाच्या बोल्टच्या भोकांतून. आधीच्या मालकाने होडीला ड्रिलने भोकं पाडून नुसतेच बोल्ट पिळले होते. कंत्राटदाराने त्यावरचा उपायही सांगितला. पाहिजे त्याहून मोठं भोक पाडायचं, ते रेझिनने बुजवायचं, ते घट्ट झालं की त्याच्या मधोमध बोल्टचं लहान भोक पाडायचं, म्हणजे बोल्ट रेझिनमधून जातो आणि पाणी लाकडाला शिवत नाही. मी हे सगळं दादांना सांगितलं. "बरं सांगितलंन," ते म्हणाले, "पण शाडूचा दिसतोय. बोलायला वेळ लागतो."

आषाढात लाकूड सुकवणं हे पेणबाहेर कुणाला जमलं नसतं. दादांना ते जन्मापासून येत होतं. होडीच्या आत दिवे सोडले, पोटाखाली शेगड्या लावल्या, आणि येता जाता ते तिच्या अंगाला गाल लावून बघायचे. शेगड्यांमध्ये आता होडीची आणि माझी पाळी लागू लागली, तेव्हा माझी पाळी लवकर संपू लागली, हा माझा फायदा.

रेझिनचा पहिला दिवस मात्र काही विचारू नका. शेगड्या आधी अंगणात काढायला लावल्या, कारण ते पेट घेतं हे मला ठाऊक होतं. रेझिन घट्ट करणारं हार्डनर थेंबांनी घालायचं असतं. दादांनी ते फोडणीला तेल घालावं तसं घातलं. "लवकर धरंल," म्हणाले. मिनिटाभरात रेझिनचा कप तापला, त्यातून धूर यायला लागला, आणि आत ब्रश उभाच्या उभा अडकला. वास असा की समोरच्या घरची माणसं खिडकीत आली. कप वहिनींचा होता, चांगला, माहेरहून आलेला. दादांनी तो ब्रशासकट उलटा करून बघितला, ठोकून बघितला, आणि कौतुकाने म्हणाले, "बघितलंस? ह्याला म्हणतात धरणं." वहिनी त्या दिवशी त्यांच्याशी एकदाच बोलल्या, आणि ते शब्द इथे लिहिता येणार नाहीत.

मग ते थेंब मोजायला शिकले. काचेच्या धाग्याची मॅट हातात आली तेव्हा ते हरखलेच. प्लास्टरच्या साच्यात बळकटीसाठी काथ्या घालतात, हा तसाच, फक्त पांढरा. त्यांनी ती हातानेच उलगडली, फाडली, मांडीवर घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या सर्वांगाला खाज सुटली. त्यांना, हिराला, मला, आणि आमच्या दोऱ्यांवरच्या कपड्यांमुळे वहिनींनाही. त्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी एका हाताने जेवण केलं. दुसरा हात कामात असायचा.

फळी बसली. दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या आवळून तिला दाबून ठेवली. पट्ट्या सोडल्या त्या दिवशी दादांनी परत सगळी आळी गप्प केली आणि टिचकी मारली. खणखणीत आवाज. हिराने चटकन डोळ्याला पदर लावला. तिने पनवेलला नेण्याच्या भांड्यांचं बोचकं बांधून ठेवलं होतं, ते घरी जाऊन सोडते म्हणाली.

"घाई नको," दादा म्हणाले. "रंग बाकी हाय. इंजिन बाकी हाय."

इंजिन एका मेकॅनिककडे अडकलं होतं. ते आल्याशिवाय बोल्टच्या जागा कळणार नव्हत्या, म्हणून भोकं तेवढी राहिली. दरम्यान श्रावण लागला आणि कारखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. रंगवलेल्या मूर्ती ओळीने मांडायच्या, आणि त्या ओळीत मधेच ही आडवी पडलेली, निळ्या रंगाने न्हालेली. काही मंडळी तर होडीच्या आत फळ्यांवर बसवली होती. मुंबईचा एक व्यापारी आला, त्याने नजर टाकली आणि विचारलं, "दादा, ही कुठल्या मंडळाची आरास?" वहिनी आतून म्हणाल्या, "आमच्या डोक्याच्या मंडळाची."

त्यांचंही चुकत नव्हतं. गणपती तोंडावर, डोळे आखायची मंडळी रांगेत खोळंबलेली, आणि दादा होडीला पॉलिश मारत बसलेले.

आता आखणीविषयी सांगायला हवं. मूर्तीचे डोळे दादा स्वतःच काढायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. पहाटे आंघोळ करून बसायचे. बोलणं बंद. वहिनी दारात पहाऱ्याला, कुणी शिंकू नये म्हणून. एक मूर्ती झाली की पाट पुढे सरकवायचा, ब्रश बुडवायचा, दुसरी. असे तासन् तास. आणि एकदा डोळे आखले की त्या मूर्तीला कुठलंही हत्यार लावायचं नाही. सुरी नाही, पॉलिशपेपर नाही, काही नाही. एखादं बोट उडालं तरी ओल्या मातीने, नुसत्या हाताने जोडायचं. "तो बघतोय," दादा म्हणायचे. "बघत असताना कसं कापणार?" बाकी कुठल्याही बाबतीत ते स्वतःचे नियम स्वतःच मोडत. हा एक त्यांनी कधी मोडला नाही.

त्या सकाळी मी शिफ्टला निघालो होतो. जिन्यावरून उतरता उतरता बघितलं, दादा ओळीने डोळे आखत पुढे सरकत होते. एक मूर्ती, पाट पुढे. दुसरी, पाट पुढे. मग होडीचं नाक आलं. ब्रश भरलेला होता. त्यांनी तो उचलला आणि होडीच्या नाकावर, डाव्या उजव्या बाजूला, दोन डोळे काढले. शांत, लांबट, अर्धवट झाकलेल्या पापण्यांचे. पाट पुढे सरकवला. ब्रश बुडवला. आणि मग त्यांचा हात हवेतच राहिला.

"वहिनी!" ते ओरडले. बायकोला वहिनी म्हणून हाक मारल्याचा त्यांच्या संसारातला हा एकमेव प्रसंग. "हात गेला गो माझा!"

वहिनींनी येऊन बघितलं. तोंडाला पदर लावून त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता मधेच थांबल्या. त्यांना कळलं होतं. होडीला अजून भोकं पाडायची होती.

पुनव दोन दिवसांवर आली तेव्हा हिराचा नवरा गोणपाटात गुंडाळलेलं इंजिन खांद्यावर घेऊन आला. सोबत हिरा, कडेवर पोर. मी कंपनीतल्या एका फिटरकडून ड्रिल मशीन मागून आणली होती. दादा होडीला पाठ लावून उभे होते.

"ड्रिल लावायची नाय," ते म्हणाले.

हिराचा नवरा कमी बोलणारा. "दादा, बोल्ट घालाचं हायेत."

"आवळून टांग. भोक नको."

"मागल्या साली एकानं नुसतं आवललं व्हतं. इंजिन उडी मारून खाडीत गेला."

"काय होईल ते होवो. हिचे डोळे आखलेत. ती बघतेय."

त्याने होडीकडे पाहिलं. खरं म्हणजे होडी खरंच बघत होती. दादांच्या हातचे डोळे तसेच असत. खोलीत कुठेही उभे राहा, ते तुमच्याकडे असत.

मी म्हटलं, थिनरने डोळे पुसून टाकू आणि काम झाल्यावर परत काढू. दादांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ज्यानं नाक काढलं त्यानं डोकं पण घाईतच काढलं वाटतं. डोळे पुसू? कोणाचे पुसतात डोळे? तुमच्या घरात पुसतात?"

हिराच्या नवऱ्याने इंजिन हळूच खाली ठेवलं. त्याला राग आलेला दिसत नव्हता. असंच होणार हे जणू त्याला आधीपासून ठाऊक होतं. "चल," तो हिराला म्हणाला. "सोमवारी पनवेलची गाडी धरू." मला दादांचा संताप आला. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं तेव्हा तो उरला नाही. दरदरून घाम आला होता त्यांना. हिराचं घर मोडू नये असं त्यांना आमच्यापेक्षा जास्त वाटत होतं. हात पुढे होत नव्हता, इतकंच.

हिरा हलली नाही. तिने कडेवरच्या पोरीचं तोंड दादांकडे वळवलं आणि तिच्या कानावरचे केस मागे सारले. कानात बारीकशी सोन्याची तार.

"दादा, हिचं कान टोचलं तवा हिचं डोलं काय मिटलेलं व्हतं?"

दादांनी वाकून त्या तारेकडे पाहिलं.

"टकामका बगत व्हती माज्याकडं. मामाचे मांडीवर बसवली, टोचलं. रडली. हातावर गूल ठेवला, गप झाली. कोन बोललं का पाप झाला?"

दादांनी त्या तारेला हलकेच बोट लावलं. मग होडीकडे बोट करून म्हणाले, "हिचा मामा कोण?"

"तुमी. आनी कोन हाय मना हितं?"

त्यानंतर मला फक्त पळापळ आठवते. इतके दिवस होडीच्या नावाने खडे फोडणाऱ्या वहिनी आतून हळदकुंकू घेऊन धावत आल्या. "मुलगी आहे ना? मग कुंकवाशिवाय कशी टोचता?" म्हणाल्या, आणि त्यांनी होडीच्या दोन डोळ्यांच्या मधे बोट टेकवलं. दादा पाटावर मांडी घालून बसले. आम्ही चौघांनी होडीची मागची बाजू उचलून त्यांच्या मांडीवर टेकवली. मधे पोतं घातलं होतं, तरी त्यांचे पाय सपाट झाले असतील. त्यांनी दोन्ही हातांनी तिला धरलं. मी ड्रिल लावली.

"हळू!"

"दादा, अजून चालू केली नाही."

"मग चालू करा हळू!"

ड्रिल घुसली. दादांनी डोळे गच्च मिटले होते, आणि होडी मात्र टक लावून समोर बघत होती. प्रत्येक भोकाला ते "झालं, झालं, एकच राहिलं" असं तिला सांगत होते, आणि अजून कितीतरी राहिलेली होती. कोरड्या लाकडाचा भुसा त्यांच्या लुंगीवर पडत होता. शेवटचं भोक झालं तेव्हा वहिनींनी गूळ आणला आणि दादांनी तो होडीच्या नाकावर लावला. संध्याकाळपर्यंत तिथे मुंग्यांची रांग लागली.

भोकं रेझिनने बुजवली. ही नुसती मोठी भोकं, बोल्टची लहान उद्या, हे मी सांगितलं तेव्हा दादा भडकले. "परत? मी परत मांडीवर घेणार नाय, सांगून ठेवतो." सकाळी मी खाली आलो तर ते आंघोळ करून, पाटावर मांडी घालून, बाजूला गुळाची वाटी घेऊन वाट बघत बसले होते.

नारळी पुनवेला धरमतरला ऊन पडलं होतं. धक्क्याला माल उतरवणारे बार्ज लागलेले, बाजूला चिखल, आणि त्या चिखलातून गावातली माणसं होड्या ढकलत होती. आपली होडी पाण्यात गेली. हिराने नारळ सोडला. तिच्या नवऱ्याने इंजिनाची दोरी ओढली. मागची फळी थरथरली, पण डुलली नाही. हिराने दादांना हात केला, "या ना, बसा!" दादांनी जोरजोरात मान हलवली. होडी वळली, भरतीच्या पाण्यावर पुढे गेली आणि खाडीच्या वळणाआड दिसेनाशी झाली.

"चला, एस.टी. लागेल," मी म्हटलं.

"तुम्ही जा."

एस.टी. गेली. दादा धक्क्यावर तसेच उभे. दुसरी एस.टी. गेली. लोकांनी बसायला दिलं, बसले नाहीत. इंजिनाचा आवाज लांबून येत होता, तो एकदम बंद झाला. दादांनी माझा दंड धरला.

"त्यांना पोहायला येतं का विचारलंत?"

"दादा, धरमतरची माणसं आहेत ती."

"तरी विचारायचं असतं." मग थोड्या वेळाने, पाण्याकडे बघतच, ते म्हणाले, "मी विसर्जनाला कधी जात नाय. लोकांना सांगतो गुडघे दुखतात. गुडघे नाय दुखत. आपल्या हातचं पाण्यात जातं ते आपण बघायचं नाय, असं वडलांनी सांगितलंय. जायलाच केलेलं असतं, त्यात वाईट काय नाय. पण इतकी वर्षं केलं ते सगळं गेलंच हो. एक परत आलेलं बघितलं नाय. आणि आता हिच्यात माणसं बसवून पाठवलीत मी."

मी त्यांचा हात दंडावर तसाच राहू दिला.

ऊन कलल्यावर आवाज परत ऐकू आला. मग वळणावर ते दोन लांबट डोळे दिसले. दादा धक्क्याच्या पायऱ्या उतरून लुंगीसकट गुडघाभर पाण्यात शिरले. होडी टेकायच्या आत त्यांनी मागची फळी गाठली, आतून हात फिरवला, प्रत्येक बोल्टभोवती बोट दाबून बघितलं. बोट वर करून माझ्याकडे धरलं. कोरडं होतं. "आली," ते म्हणाले. "परत आली." आणि तिथेच पाण्यात उभे राहून, सगळ्या धक्क्यासमोर, हा माणूस हुंदके देऊन रडला. हिराही रडत होती, आणि तिचा नवरा उगाचच इंजिनावर फडकं मारत होता.

पनवेलची गाडी त्यांनी धरली नाही. हिराने पहिल्या फेरीची मासळी, चांगली मोठाली बोयटं, वर्तमानपत्रात गुंडाळून दादांच्या हातात ठेवली. "मामाचा मान हाय." दादांच्या घरी श्रावण कडक. कांदालसूणसुद्धा चालत नसे. मला वाटलं, ते मला देतील. त्यांनी ते पुडकं छातीशी धरलं. एस.टी.त पाणी गळत होतं, वास सुटला होता, सोवळ्यातल्या एक आजीबाई सीट सोडून पुढे जाऊन उभ्या राहिल्या. दादांना कशाचंच भान नव्हतं.

दारात वहिनी उभ्या. मागे ओळीने मंडळी, निम्म्यांना अजून डोळे नाहीत. त्यांनी भिजलेली लुंगी बघितली, पुडकं बघितलं, वास घेतला.

"श्रावणात?"

"मासे म्हणू नकोस गो," दादा म्हणाले. "आयुष्यभर मंडळींना पाण्यात पाठवतोय. पोच आज आली."

वहिनींनी पुडकं हातात घेतलं, उघडून बघितलं, आणि पदर खोचत विचारलं, "कालवण करू की तळू?"